जुने डिजिटल कॅमेरे, हाताने फिरवायच्या लेन्स : आपापले अनुभव सांगा

समुद्रपूर, जि. वर्धा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जुना डिजिटल कॅमेरा अजून वापरात ठेवणारे लोक आपल्या भागात पुष्कळ आहेत. कोणाला भावाने पुण्याहून पाठवलेला, कोणी बंद पडलेल्या स्टुडिओतून घेतलेला. काहींनी त्यावर रोलच्या जमान्यातल्या लेन्सही चढवल्या आहेत. कोणता कॅमेरा, कोणती लेन्स, कशासाठी आणि अजूनही का, हे इथे सविस्तर लिहा.

माझं आधी सांगतो. माझ्याकडे २००६ सालचा निकॉन डी४० आहे, ६ मेगापिक्सेलचा. अंधार त्याला झेपत नाही, आयएसओ (म्हणजे सेन्सर उजेडाला किती तिखट, तो आकडा) ८०० च्या पुढे नेला की फोटोत दाणे दिसायला लागतात. पण आपल्याकडे उजेडाची काय कमी? इथली अडचण उलटी आहे. भर दुपारी कापूस वेचणाऱ्या बायांचा फोटो घेऊन बघा. कापूस डोळ्यांत खुपतो इतका पांढरा आणि डोक्यावरच्या दुपट्ट्याखाली चेहरा पार काळा. अशा वेळी फ्लॅश लागतो. बहुतेक नवे कॅमेरे अंगच्या फ्लॅशसोबत शटरच्या १/२०० किंवा १/२५० सेकंदापुढे जात नाहीत. डी४० १/५०० पर्यंत जातो, कारण त्या वेगाला त्यातला सीसीडी सेन्सर शटरचं काम स्वतःच विजेवर करतो. म्हणून आयएसओ २०० ला लेन्सचं तोंड एफ/१६ ऐवजी एफ/१० ठेवता येतं (एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं), आणि त्या एवढ्याशा फ्लॅशचा उजेड मीटरभराऐवजी दीड-पावणेदोन मीटर पोचतो. चेहरा उजळतो, मागचं आभाळ निळंच राहतं. मावशीच्या कपाळावरचं गोंदण, ओटीत दाबून भरलेला कापूस, सुकलेल्या बोंडांनी बोटांवर उठलेले ओरखडे, सगळं स्वच्छ येतं. विदर्भाच्या उन्हाशी या जुन्या यंत्रांचं चांगलं जमतं, असं माझं ठाम मत झालं आहे. तुमचा अनुभव वेगळा असेल तर तोही लिहा.

वरुड, जि. अमरावती (संत्रा बागायतदार)

माझा कॅनन ५डी, २००५ चा, पहिलाच. १२.८ मेगापिक्सेल आणि फुल फ्रेम, म्हणजे सेन्सर रोलच्या फ्रेमएवढा. त्यावर हेलिओस ४४-२ लावतो, ५८ मिमी एफ/२. ही सोव्हिएत रशियाची लेन्स झेनिट कॅमेऱ्यासोबत यायची, रचना बायोटार या जर्मन लेन्सवरून घेतलेली. काकांच्या स्टुडिओतला झेनिट केव्हाच थकला, लेन्स मात्र ठणठणीत आहे.

तिची गंमत आमच्या बागेतच कळते. पूर्ण उघडी ठेवून झाडाजवळ उभ्या माणसाचा फोटो काढला की मागच्या पानांमधून झिरपणारे उन्हाचे कवडसे माणसाभोवती गोल फिरल्यासारखे दिसतात. त्यासाठी मागे बारीक बारीक उजेडाचे ठिपके हवेत, आणि संत्र्याच्या दाट पानोऱ्याइतके ठिपके दुसरीकडे कुठे मिळणार? अंबिया बहाराच्या फुलांवर तर मी दरवर्षी हीच लेन्स घेऊन बसतो. पुढे दोन कड्या आहेत. एकीवर किती बंद करायचं ते ठरवून ठेवायचं, दुसरी उघडझापीची. पूर्ण उघडून फोकस करायचं, मग न बघता दुसरी कडी थांबेपर्यंत फिरवायची. बोटांना सवय लागली की डोळा फोटोवरून हलत नाही.

विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आट्याच्या, म्हणजे एम४२ लेन्सला (हेलिओस त्यातलीच) काचेपासून नव्हे, बसण्याच्या कडेपासून सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागतं. कॅननचं ४४ मिमी आहे, म्हणून मधे साधी धातूची चकती टाकली की काम भागतं. निकॉनचं ४६.५ मिमी. तिथे चकतीत काच नसेल तर लांबचं फोकसच होत नाही. आणि ५डी वाल्यांनो, काही जुन्या लेन्सचा मागचा भाग लांबच्या फोकसला कॅमेऱ्यातल्या आरशाला घासतो. नवी लेन्स लावली की पहिले जवळच्या फोकसवर शटर दाबा, मग हळूहळू पुढे सरका.

धागाकर्ता : भाऊ, हे अंतराचं लिहिलंत ते फार बरं केलं. आमच्याकडे दोघांनी निकॉनवर रशियन लेन्स लावून ती खराब आहे असं समजून कपाटात टाकून दिली आहे. त्यांना दाखवतो.

देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली

उजेडाचं दादा म्हणतात ते दिवसाचं झालं. आमची झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. दिवाळी झाली की हंगाम सुरू, आज या गावी, उद्या त्या गावी, पहाटेपर्यंत प्रयोग. मी तिथे निकॉन डी२०० नेतो, तोही २००५ चाच, १० मेगापिक्सेल. लेन्स हाताच्या फोकसची ५० मिमी. या बॉडीत जुन्या लेन्सची कडी ओळखणारी खुंटी आहे, त्यामुळे १९७७ पासूनच्या एआय लेन्सवरही (यांची कडी त्या खुंटीला एफचा आकडा कळवते) उजेडाचं माप दाखवते.

रंगमंचावर रंगीत दिवे बदलत राहतात. लाल दिव्यात माझा दुसरा ऑटोफोकसवाला कॅमेरा मागेपुढे चाळवत बसतो. जुन्या लेन्सवर अंतराचे मीटरमधले आकडे कोरलेले असतात. नट बोलायला माइकच्या रेषेवर येणार हे पक्कं. माझी जागा तिथून पाच मीटरवर. कडी ५ वर, एफ/२.८, म्हणजे साधारण मीटरभराची पट्टी स्पष्ट मिळते. त्या पट्टीत पात्र आलं की बटण दाबायचं. लावणी असो की खलनायकाचं हसणं, क्षण सुटत नाही. दाणे येतात, येऊ द्या. कृष्णधवल केलं की ते दाणे चेहऱ्यावरच्या रंगाशी जुळून जातात. कंपनीतल्या एका ज्येष्ठ कलावंत बाईंनी असाच एक फोटो मोठा करून घरी लावला आहे. त्यात त्या विंगेत बसून घुंगरू सोडताहेत, पायाला नाडीचे वळ उठलेले.

लाखनी, जि. भंडारा (शिक्षिका)

माझा कॅमेरा साधा. कॅननचा पॉवरशॉट, ए मालिकेतला, पाच मेगापिक्सेल. दोन पेन्सिल सेलवर चालतो. तान्हा पोळ्याला, रोवणीच्या दिवसांत मी तो मुलांच्याच हातात देते. मोबाइल हातात दिला की पोरं फोटो सोडून भलतीकडे शिरतात. यात फोटोशिवाय दुसरं काही नाही. डोळा लावायची खिडकी आहे, म्हणून उन्हात पडदा दिसत नाही ही तक्रारही नाही. चौथीतल्या एका मुलीने बांधीत उभं राहून भाताचे परे (रोपं) लावणाऱ्या आपल्या आईचा फोटो काढला. पाण्यात आई उलटी दिसते आणि हातातली परेंची जुडी मधोमध. मी शिकवून तो फोटो आला नसता.

सेल मात्र दुकानातले स्वस्तातले घालू नका, झूम दोनदा केलं की बसतात. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे घ्या. आणि माझ्या कॅमेऱ्याला २ जीबीपर्यंतचं साधं एसडी कार्डच चालतं, मोठं एसडीएचसी टाकलं की तो ओळखतच नाही. जुनं कार्ड कुणाच्या ड्रॉवरमध्ये पडलं असेल तर फेकू नका.

परतवाडा, जि. अमरावती

निकॉन डी७०, २००४. मी तो फक्त एका कामासाठी ठेवला आहे, इन्फ्रारेड. डोळ्यांना न दिसणारा हा उजेड अडवायला प्रत्येक कॅमेऱ्यात सेन्सरपुढे गाळणी असते. डी७० ची गाळणी कच्ची आहे. तेव्हा तो दोष होता, मला मात्र तोच हवा. पुढे ७२० नॅनोमीटरचा गडद फिल्टर लावायचा, कॅमेरा तिपाईवर, काही सेकंदांचं एक्सपोजर. हिरवी पानं हा उजेड जोरात परतवतात, म्हणून झाडं पांढरीशुभ्र येतात आणि आभाळ काळंभोर. पाऊस ओसरल्यावर चिखलदऱ्याच्या कड्यावरून खालचं जंगल टिपायचं. उन्हाळ्यात साग उघडा पडतो, तेव्हा जाऊन उपयोग नाही.

चंद्रपूर

माझी लेन्स असाही या जपानी कंपनीची, सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४. हिच्या बहुतेक आवृत्त्यांच्या काचेत थोरियम असतं आणि वर्षांनुवर्षं पडून राहिली की काच चहासारखी पिवळी पडते. उपाय ऊन, त्यातल्या अतिनील किरणांनी पिवळेपणा उतरतो. मागच्या बाजूला चकचकीत फॉइल ठेवून लेन्स रोज उन्हात ठेवली, हळूहळू काच निवळली. पण कृपा करून आमच्या मे महिन्यात हा प्रयोग करू नका. पारा पंचेचाळिशीपुढे जातो, आतलं ग्रीस पातळ होऊन लेन्सचं तोंड उघडझाप करणाऱ्या पात्यांवर उतरतं. हिवाळ्यातलं ऊन घ्या. आणि भिंग ते भिंगच. दोन्ही तोंडं उघडी ठेवून कागद-कपड्यांजवळ ठेवाल तर आग लागेल.

बुलडाण्याकडून, लग्नाचे फोटो काढतो

माझं मत थोडं वेगळं. पोटापाण्याचं काम जुन्या कॅमेऱ्यावर होत नाही. हळदीला, वरातीला अंधार असतो, एका दिवसात हजार-दोन हजार फोटो, वर व्हिडिओ. जुन्या बॅटऱ्यांच्या जागी बाजारात मिळतात त्या नकली, माझी एक फुगून आतच अडकली. त्यामुळे मी नवा घेतला आणि समाधानी आहे. जुनी ८५ मिमी लेन्स तेवढी ठेवली. नवरीचा एकटीचा फोटो अजून तिनेच काढतो, कारण त्या लेन्सने कातडीवरचा उजेड मऊ येतो. तेवढ्यापुरतं ती लावायला दोन मिनिटं लागतात, ती मी प्रत्येक लग्नात काढतो.

धागाकर्ता : हे लिहिलंत ते योग्यच. रोजीरोटीचं काम असेल तर मीही नवाच घ्या म्हणेन.

दिग्रस, जि. यवतमाळ (घड्याळ-रेडिओ दुरुस्ती)

माह्या दुकानात आता लेन्सबी येतात. पोट्टे ऑनलाइन मागवतात न् म्हणतात, काकाजी, रिंग फिरत नाही. बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसते, ग्रीस सुकून चिकट झालेलं असते. जपानी लेन्सचे स्क्रू वरून साधे फुलीचे दिसतात, पण त्याईले जेआयएस मापाचा पेचकस लागते. आपला नेहमीचा लावला का डोकं झिजलंच समजा. आतमध्ये फोकसचे आटे एकात एक बसलेले असतात आणि त्याईले सुरुवातीची तोंडं अनेक. सोडवताना जिथं सुटले तिथं सुईनं खूण करा. खूण हुकली तर लेन्स जोडल्या जाईल, पण लांबचं फोकस येणार नाही, अन् मग एक एक तोंड लावून पाहत दिवस जाते. हे काम मले आवडते. घड्याळ आता कोनी दुरुस्त करत नाही, हे यंत्र मात्र अजून हाताले दाद देते.

फंगस पावसाळ्यात लागते. काचेवर कोळ्याच्या जाळीवानी दिसते. लवकर आणली तर पुसल्या जाते, उशीर झाला का कोटिंग खाऊन डाग कायमचा राहते. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून लेन्स ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले का तव्यावर मंद आचेवर तापवा, पुन्हा निळे होतात. तो तवा भाकरीचा नको, वेगळा ठेवा.

लोणार, जि. बुलडाणा

आजोबांची एक निकॉनची लेन्स सापडली आहे, कडीवरचं धातूचं शिंग भरीव आहे, त्याला भोकं नाहीत. डी२०० मिळतोय, घेऊ का?

धागाकर्ता : थांबा. भरीव शिंग म्हणजे बहुधा १९७७ च्या आधीची, एआय नसलेली लेन्स. वडसावाल्या भाऊंनी सांगितलेली खुंटी डी२०० ला आहे, तीच या लेन्सच्या कडेखाली सापडून मोडू शकते. डी४० ला ती खुंटी नाही, त्यावर ही लेन्स बिनघोर बसते. फक्त उजेडाचं माप कॅमेरा दाखवणार नाही, सगळं मॅन्युअलवर करायचं. स्वच्छ ऊन असेल तर आयएसओ २००, शटर १/२००, एफ/१६ वरून सुरुवात करा. पातळ ढग आले तर एफ/११, सावली पुसट झाली तर एफ/८. सरोवराच्या काठी पाण्याची चमक असते, तिथे पहिला फोटो काढून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघा आणि उजवीकडे टेकला असेल तर शटर १/४०० करा. फोटो आले की इथे टाका.