पद्मिनीचा पत्रा बदलायचाय : गॅस, सीओटू की टिग वेल्डिंग?

नमस्कार मंडळी,

वडिलांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी आहे, चिपळूणला. २२ जुलै २०२१च्या पुरात ती दीड दिवस पाण्यात होती. इंजिन उघडलं, सीटा उन्हात टाकल्या, वायरिंग बदललं, दोन महिन्यांत गाडी चालू झाली म्हणून आम्ही पेढे वाटले. दारांखालच्या पोकळ बॉक्समध्ये (आमचे मिस्त्री त्याला रनिंग बोर्ड म्हणतात) वाशिष्ठीचा गाळ बसलाय हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. परवा तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला.

गेलेला माल : दोन्ही रनिंग बोर्ड, ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर आणि डाव्या मागच्या मडगार्डचा खालचा वीतभर भाग. मडगार्डवर पूर्वी एका गॅरेजवाल्याने पत्र्याची पट्टी रिवेट मारून बसवली होती आणि वर बोटभर लांबी (पुटी) भरली होती. ती फोडली तेव्हा मूळ पत्रा पापडासारखा हातात आला.

रनिंग बोर्ड २० गेजच्या सीआरसी (थंड लाटलेल्या) पत्र्यातून बेंडिंग मशीनवर वाकवून घेतलेत. मडगार्डचा तुकडा कुर्ल्याच्या भंगारातून आणला, मोडीत निघालेल्या टॅक्सीचा. गाडी बनली कुर्ल्यात आणि तिला ठिगळही कुर्ल्याचंच, याची वडिलांना फार मौज वाटते.

आता वेल्डिंगवर एकमत होईना. मिस्त्रींचं वय सत्तरीच्या घरात, ते म्हणतात गॅसच्या ज्योतीशिवाय पत्र्याला हात लावणार नाही. फॅब्रिकेशनवाला म्हणतो, सगळं सीओटूने (आपोआप सरकणाऱ्या तारेचं विजेचं वेल्डिंग) एका दिवसात उरकतो. भाचा पुण्याला नोकरीला आहे, त्याच्या मते टिग (टंगस्टनच्या टोकाने केलेलं विजेचं वेल्डिंग) सोडून बाकी सगळं अडाणीपणा.

माझी समज अशी. गॅसची उष्णता लांबवर पसरते, त्यामुळे सपाट पत्रा फुगतो. पण जोड मऊ राहतो, हातोडी आणि डॉलीने (मागून टेकवायचा लोखंडी ठोकळा) ठोकून बसवता येतो. सीओटू, म्हणजे मिग, झटपट होतं आणि उभ्या-आडव्या कुठल्याही जागी चालतं. मात्र त्याची रेघ कडक असते, ठोकायला गेलं तर शेजारचा पत्रा ताणतो आणि रेघ तशीच राहते. टिगमध्ये उष्णता नेमकी आणि जोड मऊ, पण पत्रा आरशासारखा स्वच्छ हवा आणि फट जवळपास शून्य. गाडीखाली उताणं झोपून, पायाने पेडल दाबत टिग कोण करणार?

काडीच्या वेल्डिंगचा विचार सोडून दिलाय. पाऊण-एक मिलिमीटरच्या पत्र्याला त्याने भोकंच पडतात.

प्रश्न :
रनिंग बोर्डला कंपनीत स्पॉट वेल्ड (दोन पत्रे दाबून ठिपक्याठिपक्याने केलेले जोड) होते. त्या जागी आता काय करावं?
मडगार्डचा जोड एकावर एक चढवून घ्यावा की टोकाला टोक?
सगळीकडे एकच पद्धत ठेवायलाच हवी का?

प्रतिसाद

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : अजिबात नको. रनिंग बोर्ड नुसतं झाकण नाही. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच भार घेते. तिथे ताकद बघा, मडगार्डवर दिसणं बघा.

रनिंग बोर्डला प्लग वेल्ड करा. वरच्या पत्र्याला ८ मिमीची भोकं, मूळ स्पॉट जेवढ्या अंतरावर होते तेवढ्याच अंतरावर. दोन्ही पत्रे क्लॅम्पने घट्ट आवळा, मिगची तार खालच्या पत्र्यावर टेकवा आणि तिथून भोक भरत वर या. आधी भंगार तुकड्यांवर दहा करून बघा आणि छिन्नीने फाडा. खालच्या पत्र्याचा तुकडा सोबत उपटून आला तर वेल्ड धरलंय. नुसतं बटण सुटलं तर करंट कमी पडतोय. तार ०.६ किंवा ०.८ची, आणि नुसत्या सीओटूऐवजी आर्गॉन मिसळलेला गॅस मिळाला तर पातळ पत्र्यावर जास्त शांत चालतो.

प्रतिसाद

दादा, कापायच्या आधी थांबा! दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे चौकोनी पाइप टाका वेल्डने. दोन्ही कर्ण मोजून खडूने लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू कापा, आणि गाडी चाकांवर भार येईल अशी टेकवा, मध्येच जॅकवर लटकवू नका. आमच्या फियाटचे दोन्ही बोर्ड एकदम कापले होते. काम झाल्यावर मागचं दार लागेना, लागलं तर उघडेना.

बॅटरी काढा, पेट्रोलची टाकी उतरवा. आणि तुमच्या त्या बोटभर लांबीखाली कुणी पितळ ओतलंय का तेही बघा. पितळ राहिलेल्या जागी मिग केलं तर वेल्डला चिरा जातात. ती जागा कापूनच टाका.

प्रतिसाद

मडगार्डला टोकाला टोकच. एकावर एक चढवलं की मधल्या फटीत पाणी बसतं आणि कोकणात दोन पावसाळ्यांत रंगावर फोड येतात.

तुमच्या मिस्त्रींना कमी लेखू नका. वीतभर जोड आहे, मागून हात पोचतो, आणि त्यांचा हात गॅसवर बसलेला आहे. लहान नोझल, दोन-दोन इंचांवर टाके, मग थोडं जोडायचं, ठोकायचं, थंड होऊ द्यायचं. नवशिक्याच्या टिगपेक्षा ते चांगलं होईल. फक्त जोडाची जागा सपाट पोटावर घेऊ नका, कडेच्या वळणाजवळ घ्या. वळणाला पत्रा कमी फुगतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पाइप टाकायचं मला सुचलंच नव्हतं, उद्याच आणतो. बोर्ड आणि फ्लोअर फॅब्रिकेशनवाल्याकडून, मडगार्ड मिस्त्रींकडे. भाच्याला ग्राइंडर दिलाय.

एक राहिलं : बोर्ड बंद झाल्यावर आतून रंग कसा लावायचा? आधी लावला तर वेल्डच्या उष्णतेने जळणार.

प्रतिसाद

जोडाच्या जागी आधी झिंकचा वेल्ड-थ्रू (ज्याच्यावरून वेल्ड करता येतं असा) प्रायमर, भोकाच्या आतला मात्र खरवडून काढा. बाकी आतलं काम शेवटी : लांब नळीने मेणाचं कॅव्हिटी वॅक्स फवारा, बोर्डच्या दोन्ही टोकांतून. आणि खालची पाणी जायची भोकं नव्या बोर्डला पाडलीत का? बेंडिंगवाले ती हमखास विसरतात.

धागाकर्ता

नाही पाडली. आत्ता जाऊन बघितलं.