पार्श्वसंगीत आणि जुने सिनेमे

जुन्या सिनेमांत पार्श्वसंगीताचा भडिमार असतो, असं बरेच जण म्हणतात. साठ-सत्तरच्या दशकांतल्या बऱ्याच कौटुंबिक चित्रपटांबाबत ते मान्य. पण सगळे एका मापानं मोजू नका. प्रभात फिल्म कंपनीचा १९३७ चा 'कुंकू' पाहा. व्ही. शांताराम यांनी त्यात पार्श्वसंगीत वापरलेलंच नाही! पावलं, दारं, भांडी, भिंतीवरचं घड्याळ, एवढ्यावर ताण उभा केलाय. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली शांता आपटेंची नायिका त्या घरात किती एकटी आहे, ते त्या शांततेतच कळतं. सतार-व्हायोलिन घातलं असतं तर आपण रडलो असतो, पण इतकं अस्वस्थ झालो नसतो.

मी मागच्या मे महिन्यात भर दुपारी पाहायला बसलो, तर कूलरच्या घरघरीत घड्याळाची टिकटिकच ऐकू येईना. शेवटी कूलर बंद केला. आई आतून ओरडली, "काय पाहून राहिला रे एवढ्या उन्हात?" आणि मग तीही घामाघूम होत शेवटपर्यंत बसली. विधवा सावत्र मुलीच्या प्रसंगाला तर तिनं मला बोलूच दिलं नाही. ती भूमिका शकुंतला परांजपेंची. पडद्याबाहेरही त्यांनी संततिनियमनाचं काम आयुष्यभर केलं. नागपूरकरांनो, हा सिनेमा हेडफोन लावून किंवा हिवाळ्यातच बघा. आणि रहस्यपट आवडत असेल तर बी. आर. चोप्रांचा 'कानून' (१९६०), त्यात एकही गाणं नाही.