नवतपात घर बंद राहणार, वडाच्या बोन्सायचं काय करू?

सांदवाडी
राम राम मंडळी. गाव आर्वी तालुक्यात, वर्धा जिल्हा. मेच्या शेवटच्या आठवड्यात पुतणीचं लग्न पुण्याला आहे, सगळेच जाणार, दहा-बारा दिवस घराला कुलूप. म्हणजे नेमका नवतपा, मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस! वडाचं बोन्साय आहे, उथळ ट्रेमध्ये, खोडाला आता कुठं रूप यायला लागलंय. सोबत एक जेड, ते जाड पानांचं. सध्या वडाला सकाळ-संध्याकाळ पाणी टाकावं लागतं, एक वेळ चुकली की पानं माना टाकतात. नळ एक दिवसाआड, विजेचा नेम नाही. शेजारच्या काकू भल्या आहेत, पण त्यांचे गुडघे दुखतात. रोज दोनदा या म्हणायला जीव होत नाही. एका व्हिडिओत झाड प्लास्टिकच्या थैलीत बांधून ठेवायला सांगितलंय. करू का?

वरूडवाला
थैली बिलकूल नको. थंड हवेत, खोलीच्या आत ठीक असेल. आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो (नागपुरात 23 मे 2013 ला 47.9 होता), बंद थैलीत झाड उकडून निघेल. बंद खोलीतही ठेवू नका. वर टिन असेल तर दुपारी आत बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं, आणि वडाला उजेड लागतो.

पाणी कसं पोहोचवायचं याच्याआधी पाणी उडतं कुठून ते पाहा. ट्रेमध्ये माती इनमीन दोन-तीन इंच. ती वरून, खालून, चारी बाजूंनी तापते, वर गरम वारा. मुळं भाजली की पाणी असूनही झाडाला ओढता येत नाही. म्हणून ट्रे वाळूत पुरा. मोठं घमेलं घ्या, बुडाला भोकं पाडा (अवकाळी आला तर पाणी तुंबायला नको), वाळू भरा, त्यात ट्रे काठापर्यंत बसवा. ट्रेची भोकं ओल्या वाळूला टेकली पाहिजेत, भोकांवरची जाळी चिकणमातीनं बुजलेली नको. मग खालची ओल आपोआप वर चढते. ट्रेच्या बाजूला वाळूत एक लहान मडकं गाडा, तोंडावर झाकणी. मडकं नवं, बिनरंगाचं. जुन्याची छिद्रं क्षारानं बुजलेली असतात, ते पाझरत नाही. काकूंनी तिसऱ्या दिवशी येऊन मडकं भरलं आणि वाळूवर एक गुंडभर पाणी ओतलं की झालं.

जागा घराच्या पूर्वेला किंवा उत्तरेला, कडुनिंबाखाली असेल तर उत्तम. पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत धग सोडते, तिच्याजवळ नकोच. कूलरची जुनी वाळ्याची टट्टी असेल तर वाऱ्याच्या बाजूनं उभी करा.

कपाशी_तूर
दादा, एवढा खटाटोप काहून? सलाईनची नळी लावा, बाटली टांगा, झालं. मी मिरचीच्या कुंड्यांले दरवर्षी लावतो. एक रुपया लागत नाही.

वरूडवाला
भाऊ, मिरचीच्या खोल कुंडीत चालतं, मान्य. ट्रेमध्ये एकाच जागी थेंब पडतो, तिथून पाणी खाली निघून जातं आणि बाकीची माती कोरडीच. बाटलीतलं पाणी उतरलं की थेंबही मंदावतो. आणि पाणी जड असेल तर नळीच्या चाकाशी क्षार धरतो. रोज बघणारं कोणी असेल तर ठीक.

कपाशी_तूर
हे खरं. चाक मलाबी दर दोन दिवसाआड फिरवा लागते.

निंबोणी
बादलीतून ट्रेमध्ये पाणी ओढणारी वात लावायची असेल तर सुती दोरी घ्या. बादली ट्रेच्या पातळीवर किंवा थोडी वर ठेवा. दोरीचा उघडा भाग वाऱ्यानं वाटेतच वाळतो, तो त्या सलाईनच्याच नळीतून घ्या (कपाशीदादा, तुमची नळी वाया जाणार नाही!). बादलीला झाकण हवं, नाहीतर डास होतात आणि वानरं उलथून देतात.

जेडचं मात्र उलटं आहे. तो वाळूत पुरू नका. जायच्या दिवशी पाणी द्या, सावलीत ठेवा आणि विसरा. काकूंना बजावून सांगा, प्रेमापोटी रोज पाणी टाकतील आणि मुळं सडतील.

वड तब्येतीनं असेल तर जायच्या दोनेक दिवस आधी निम्मी पानं देठ ठेवून कात्रीनं काढा. पानं कमी तितकं पाणी कमी उडतं, आणि वडाला पुन्हा फुटायला वेळ लागत नाही. जुनिपरसारख्या झाडाला हे कधीच करू नये, पण आपल्या उन्हात जुनिपर ठेवायचंच कशाला म्हणा. आता खत नको, कुंडी बदलणं नको, मुळं छाटणं तर नकोच.

माळावरचा
सेलवर चालणारा नळाचा टायमरही मिळतो, विजेचा संबंध नाही. पण छतावरच्या टाकीला जोडायचा तर बॉल व्हॉल्व्हचा घ्या. सोलेनॉइडवाल्याला (विजेच्या चुंबकानं उघडतो तो) दाब लागतो, टाकीच्या पाण्यावर तो नीट उघडत नाही. टाकी मात्र भरलेली राहिली पाहिजे.

सांदवाडी
सगळ्यांचे आभार. टायमर राहू द्या, टाकी भरायला परत काकूच लागतील. घमेलं-मडकं करतो. मातीवर ओला बारदाना टाकला तर? आणि आल्यावर पानं गळालेली दिसली तर काय?

वरूडवाला
बारदान्याला आमच्याकडे उधई (वाळवी) लागते. नारळाची काथ पसरा. आणि हे सगळं जायच्या आठवडाभर आधीच मांडून ठेवा. घरी असताना वरून पाणी न देता तीन दिवस बघा, माती बोटाला ओली लागते का. लागत नसेल तर जाळी तपासा.

पानं गळाली म्हणजे झाड मेलं असं नाही. फांदीची साल नखानं खरवडा, खाली हिरवं असेल तर जीव आहे. फांदी सुकली असली तरी खोडाशी बघा. सावलीतच राहू द्या, नवी पालवी येईपर्यंत खत नाही. पानं नसताना पाणी कमी लागतं, वरची माती सुकली की मगच द्या.

सांदवाडी
बांधकामाची वाळू उरलेली आहे, चालेल?

वरूडवाला
चालेल, सिमेंट मिसळलेली नको. थोडी बारीक असेल तर चांगलंच, ओल जास्त वरपर्यंत चढते.