खारपाणपट्ट्यात आईबाबांसाठी फिल्टर कोणता घ्यावा? (बजेट ७ हजार)

पूर्णाकाठ: नमस्कार मंडळी. गाव बुलढाण्याच्या संग्रामपूर तालुक्यात, जमिनीतलं पाणीच खारं. घरी आईबाबा दोघंच. १४० गाव योजनेचा नळ आहे, पण पाण्याचा नेम नाही, म्हणून बोअरचंच पितात. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) १८०० च्या वर. काका किडनीनेच गेले, बाबांचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.६, म्हणजे वाढलेलं आलंय. कुणी म्हणतं पाण्यात आर्सेनिकही असतं. लाईट निम्मा दिवस नसते. बजेट ७ हजार, त्यावर शक्य नाही. काय घेऊ?

पिंपरीकर: घ्यायचा तर चांगलाच घ्या. आमचा २४ हजारांचा आहे, आरओ, यूव्ही, तांबं, अल्कलाइन सगळं. तब्येतीपुढे पैसा बघू नये.

अकोटचा_गडी: भाऊ, त्यानं सात हजार सांगतले, तुमी चोवीसचं काय सांगून रायले? आमीबी घेतला होता आरओ. चार महिन्यांत मेम्ब्रेन (क्षार गाळते ती आतली जाळी) गेली, सारा पांढरा खार. मेकॅनिक म्हणे गॅरंटीत बसत नाई, तुमचं पाणीच खराब हाये. पाणी खराब हाये म्हणूनच तं घेतला होता ना बापा!

सुगरण_माई: उकळून प्या. आम्ही कायम उकळूनच पितो, कुणाला काही झालं नाही.

लॅबवाला: माई, उकळल्याने जंतू मरतात. क्षार तसेच राहतात, उलट पाणी आटलं की वाढतात. नुसत्या यूव्हीनेही क्षार जात नाहीत. पूर्णाकाठ, आधी पाणी तपासा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत नमुना प्रयोगशाळेत जातो. टीडीएस ५०० पर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेट ४५, आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा. टीडीएस मीटर यातलं काहीच वेगळं दाखवत नाही.

पाटणा_पोस्टिंग: आर्सेनिकचं दुखणं मुख्यतः गंगेच्या खोऱ्यातलं. बिहार, बंगाल, पुढे बांगलादेश. त्याला ना चव ना वास. बांगलादेशात वाईट हातपंप लाल आणि चांगले हिरवे रंगवले होते. वऱ्हाडात आधी खार आणि नायट्रेट बघा.

अकोटचा_गडी: म्हंजे खारानंच किडनी जाते, हे पक्कं ना?

लॅबवाला: पक्कं कोण सांगणार? आंध्रात उद्दानम भागातही असाच किडनीचा आजार आहे, तिथे पाण्यातलं आर्सेनिक, सिलिका, सगळं तपासून झालं, तरी एक ठाम कारण हाती लागलेलं नाही. उन्हात राबणं, पाणी कमी पिणं, बीपी, शुगर, शिवाय कंबर दुखली की मेडिकलमधून आणलेली पेनकिलर. बाबा गोळ्या घेतात का?

पूर्णाकाठ: घेतात. गुडघ्यासाठी, रोज.

लॅबवाला: फिल्टर राहू द्या बाजूला, आधी ते डॉक्टरांना सांगा. बीपी मोजून घ्या आणि लघवीतलं प्रोटीन तपासा.

पिंपरीकर: आरओने पाण्यातली खनिजंही जातात. म्हणून मिनरल कार्ट्रिज हवंच, आमच्यात आहे.

सुगरण_माई: तांब्याच्या हंड्यात ठेवा ना मग.

अकोटचा_गडी: तांब्यानं खार जात नाई माई.

शेगाव_रिटर्न: आमच्या गावात पंचायतीचं आरओ केंद्र आहे, ५ रुपयात २० लिटर. वापरून सोडलेलं पाणी मात्र नालीत, तेच मुरून परत बोअरला. घरच्या आरओचंही तेच, एक लिटर प्यायला मिळतं आणि दोन-तीन वाया. यावर कुणी बोलत नाही.

पिंपरीकर: आम्ही ते पाणी गाडी धुवायला वापरतो.

शेगाव_रिटर्न: खाऱ्या पाण्याने गाडी धुता? धन्य आहात!

पूर्णाकाठ: सगळ्यांचे आभार. ठरलं. आरओ नाही, हजार लिटरची टाकी घेतोय. पत्र्यावरचं पावसाचं पाणी पाइपने जाळीतून आत, पहिल्या सरी सोडून द्यायच्या. १० बाय १० फुटांच्या छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तरी साडेसहा हजार लिटरच्या आसपास होतं. दोघांना पिण्या-स्वयंपाकाला रोज ८ लिटर धरले तर एक टाकी चार महिने. ते पाणी उकळून घेऊ. उन्हाळ्यात केंद्राचा जार. आई म्हणते डाळही शिजेल. नमुना सोमवारी देतोय, बाबांच्या गोळ्या बंद.

पिंपरीकर: डास होतील. बघा, पस्तावाल.

लॅबवाला: झाकण घट्ट ठेवा, टाकी उन्हात नको. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारूनच करा, बीपीची असेल तर ती बंद करू नका.

नवीन_सभासद: धागा पूर्ण वाचला नाही. कोणता आरओ चांगला? बजेट ५ हजार.