मदत हवी आहे: कोविड आरटी-पीसीआरमध्ये एनटीसीला ई जीनचा उशिरा कर्व्ह

नमस्कार. आमच्या लॅबमधलं किट विषाणूच्या ई आणि आरडीआरपी या दोन जीनचं (टार्गेटचं) आहे, इंटर्नल कंट्रोल आरनेज-पी (नमुना नीट आला का ते दाखवणारा मानवी जीन). सध्या एनटीसीच्या (नमुना न घातलेला कंट्रोल, तो कोराच यायला हवा) वेलमध्ये ई जीन ३६-३७ सीटीला (ज्या सायकलला सिग्नल ठरलेली रेषा ओलांडतो) उठतोय, बाकी दोन्ही चॅनल स्वच्छ. त्याच प्लेटवर काही नमुनेही फक्त ई ला ३५-३७ दाखवतात. पाणी बदललं, कॅबिनेटला यूव्ही लावून झाला, फरक नाही. शोध कुठून सुरू करू? आणि रिपोर्टचं काय?

प्रतिसाद १
रिपोर्ट थांबवा. एनटीसी उठली की रन बाद, त्यातले ‘चांगले’ निकाल निवडून पाठवायचे नाहीत.

आधी रॉ फ्लुरोसन्स (मशीनने मोजलेला मूळ सिग्नल) उघडून कर्व्ह खरा आहे का ते पाहा. खरं अ‍ॅम्प्लिफिकेशन एस आकारात चढतं. नुसती तिरकी रेघ असेल तर बेसलाइनची (पार्श्वभूमीच्या सिग्नलची) गडबड. मधेच उडी असेल तर बुडबुडा, म्हणजे प्लेट लावण्याआधी स्पिन नीट झालेलं नाही.

कर्व्ह खरा निघाला तर एकाच मास्टर मिक्समधून (एकत्र कालवलेल्या रिएजंटमधून) आठ एनटीसी लावा. आठही वेल जवळजवळच्या सीटीला उठल्या तर दोष रिएजंटमध्ये. आठांपैकी एकदोनच उठल्या तर बहुधा हवेतून, टिपेतून किंवा पिपेटच्या दांड्यातून तुरळक कण पडताहेत. या एका प्रयोगाने अर्धं काम होतं. रिएजंटचा संशय आला तर पाणी, एन्झाइम, प्राइमर-प्रोब (टार्गेट शोधणारे डीएनएचे छोटे तुकडे) एकेक करून न उघडलेल्या लॉटमधून बदला. एकदम सगळं बदललं तर दोषी कोण ते कळणारच नाही.

प्राइमर-प्रोबला सुटका देऊ नका. २०२० च्या सुरुवातीला अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेचं किट अडलं ते याच भागात: त्यातल्या एन१ या टार्गेटच्या मिश्रणात कृत्रिम टेम्प्लेट मिसळलेलं होतं आणि एन३ चे प्राइमर-प्रोब आपसातच जुळत होते.

धागाकर्ता
आठपैकी दोन उठल्या, ३६.४ आणि ३७.९. किटमध्ये यूएनजी (आधीच्या रनचा डीएनए तोडणारं एन्झाइम) आहे, मग जुनं अ‍ॅम्प्लिकॉन (पीसीआरने बनलेली डीएनएची प्रत) कसं उरेल?

प्रतिसाद २
यूएनजी फक्त युरॅसिल असलेला डीएनए तोडतं. पॉझिटिव्ह कंट्रोल प्लास्मिड (जिवाणूत वाढवलेलं डीएनएचं कडं) असेल तर त्यात थायमिन असतं, त्याला ते हात लावत नाही. नमुन्याच्या आरएनएलाही नाही. जुन्या, यूएनजी नसलेल्या किटचं अ‍ॅम्प्लिकॉनही थायमिनचंच असल्याने तसंच टिकून राहतं. म्हणून पॉझिटिव्ह कंट्रोल वेगळ्या खोलीत, वेगळ्या पिपेटने, सगळ्या वेल सील झाल्यावर शेवटी घाला. रन झालेली प्लेट कधीही उघडू नका, सीलसकट पिशवीत बंद करून टाका.

यूव्हीवर विसंबू नका. छोट्या अ‍ॅम्प्लिकॉनवर त्याचा परिणाम कमी होतो आणि सावलीतला भाग तसाच राहतो. त्याच दिवशी बनवलेलं ०.५ टक्के हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच) लावून १० मिनिटं ठेवा, मग पाण्याने आणि ७० टक्के अल्कोहोलने पुसा. पिपेट, रॅक, सेंट्रिफ्यूजचं झाकण, दाराची कडी, सगळं.

प्रतिसाद १
फार महत्त्वाचं: लायसिस बफरमध्ये (आरएनए काढताना विषाणू फोडणाऱ्या द्रावात) ग्वानिडीन हे रसायन असतं. ते सांडलेल्या जागी किंवा त्याच्या वेस्टमध्ये हायपो ओतू नका, विषारी वायू सुटतो. आधी भरपूर पाणी आणि डिटर्जंट.

रिपोर्टसाठी: एक्स्ट्रॅक्शन ब्लँक (नमुन्याशिवाय आरएनए काढण्याच्या सगळ्या पायऱ्यांतून नेलेला कंट्रोल) स्वच्छ असेल तर उणे ७० ला ठेवलेल्या आरएनएवरून फक्त पीसीआर पुन्हा लावा. ब्लँकही उठला असेल तर व्हीटीएमपासून (स्वॅब ज्या द्रावात ठेवतात त्यापासून) सुरुवात. फक्त ई ला उशिरा उठलेले नमुने दुसऱ्या वेळीही तसेच आले तर नवा स्वॅब मागवा.