एकमितीय फोकर-प्लँक कोड: उष्णतावहन स्पिट्झर-हार्मच्या चौपट का येतंय?

वेगजाळी (प्रश्न)
टोकामॅकच्या (चुंबकांनी प्लाझ्मा कोंडणारं संलयनयंत्र) कडेच्या प्लाझ्मासाठी इलेक्ट्रॉनांचा कायनेटिक कोड (फोकर-प्लँक, म्हणजे टकरांसकट वेगांचं पूर्ण वितरण सोडवणारा) लिहितोय. वितरण लेजांद्र बहुपदींत मांडलंय, सध्या फक्त एफ-शून्य (सर्व दिशांना सारखा भाग) आणि एफ-एक (एका दिशेला झुकलेला, प्रवाह नेणारा भाग). एफ-शून्यमध्ये इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन टकरा चँग-कूपर पद्धतीने, एफ-एकमध्ये आयनांवरचं विखुरणं. आयनाचा विद्युतभार झेड=१. चाचणी नेहमीचीच: एकसारखी घनता, १०० इव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) तापमानावर १ टक्का साइन लहर, तरंगसंख्या गुणिले मुक्तपथ (दोन टकरांमधलं सरासरी अंतर) ०.०००५. स्पिट्झर-हार्मशी (टकरा भरपूर असतानाच्या उष्णतावहनाचं नेहमीचं सूत्र) गुणोत्तर १ यायला हवं, येतंय ४.२४. वेगाची जाळी बारीक केली, टाइमस्टेप कमी केला, आकडा ढिम्म हलत नाही. मुक्तपथाच्या व्याख्येत घोळ असेल का?

टकराटकरी (उत्तर)
व्याख्येचा घोळ असता तर १.३३ किंवा १.४१ असलं काहीतरी आलं असतं. ४.२४ ओळखीचा आहे. स्पिट्झर-हार्मचे उष्णतावाहकतेचे गुणांक काढा: झेड=१ ला ३.२०, झेड अनंत धरला तर १३.५८. भागून बघा. तुमचा कोड लोरेंट्झ वायूचं (इलेक्ट्रॉन फक्त आयनांवर विखुरतात असं धरलेलं) उत्तर चोख देतोय आणि तुम्ही ते हायड्रोजनशी ताडताय. एफ-एकमध्येही इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन टकरा घालाव्या लागतील.

कोडमधून विद्युतक्षेत्र सुटलं असतं तर यावर आणखी ३.५ पट, म्हणजे १४.८ दिसले असते. तेव्हा ते ठीक असावं. तरी एफ-एकचा आलेख काढाच. वेग औष्णिक वेगाच्या (२टी/एमचं वर्गमूळ) पटीत घेतला की वक्र बरोबर २ वर शून्य ओलांडतो. त्याखालचे मंद इलेक्ट्रॉन उलटे वाहून वेगवानांचा प्रवाह फेडतात. क्षेत्र नसेल तर हा छेद १.२२ वर दिसेल.

मॅट्रिक्सग्रस्त
+१. पण घालताना अर्धवट घालू नका. झेडच्या जागी झेड+१ लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. त्यात इलेक्ट्रॉनांचा आपसातला संवेग टिकत नाही. एफ-एकवरची रोझेनब्लूथ इंटिग्रल्सही (इलेक्ट्रॉनांचा एकमेकांवरचा परिणाम मोजणारी) हवीत. ती सगळ्या वेगांना एकमेकांशी जोडतात, त्यामुळे सुटसुटीत त्रिकर्णी मॅट्रिक्स जातो आणि प्रत्येक बिंदूवर भरगच्च ठोकळा येतो. तपासायला किंचित सरकवलेला मॅक्सवेलियन (समतोलातलं वेगवितरण) द्या: इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन ऑपरेटरने त्याच्या एफ-एकला हातही लावता कामा नये. जे उरेल ती जाळीची चूक.

स्वस्तातला उपाय म्हणजे विखुरण्याची वारंवारता (झेड+४.२)/(झेड+०.२४) ने गुणणं. झेड=१ ला हे ४.१९ होतं, गुणोत्तर १.०१ वर येतं. मला तो इथे पटत नाही. वेगवान इलेक्ट्रॉनांचं विखुरणं खरं तर दुपटीनेच वाढतं, तुम्ही ते चौपटीहून जास्त करता. मग ज्यासाठी कायनेटिक कोड लिहिला तो परिणामच दबतो.

वेगजाळी
छेद २ वरच आहे. पूर्ण ऑपरेटर घालतो. पण खऱ्या प्रोफाइलला, म्हणजे वर (चुंबकरेषेवर प्लेटपासून दूर) १०० इव्ही आणि प्लेटपाशी (प्लाझ्मा जिथे भिंतीवर आदळतो) ५ इव्ही असताना, ६ औष्णिक वेगांपर्यंतची १२० समान घरं पुरतील का?

शीथकाठ
कमाल वेग ठीक आहे, समान घरं नाहीत. उष्णता मुख्यतः औष्णिक वेगाच्या २.६ पटीच्या आसपासचे इलेक्ट्रॉन नेतात. लोरेंट्झच्या हिशेबाने जाळी ३ वर कापली तर ३६ टक्के उष्णता गळते, ४ वर कापली तर अर्धा टक्का. प्लेटपाशीही वरून आलेले गरम इलेक्ट्रॉन असतात, म्हणून मर्यादा १०० इव्हीवरूनच ठरवा. मात्र तुमच्या घराची रुंदी ०.०५ आणि ५ इव्हीचा औष्णिक वेग ०.२२: थंड मॅक्सवेलियनच्या वाट्याला जेमतेम साडेचार घरं. पहिलं घर ०.०१ ठेवा, पुढचं प्रत्येक ३ टक्क्यांनी रुंद करा. १०० घरांत ६ गाठाल.

जागेची जाळीही तशीच ताणा. मुक्तपथ मीटरमध्ये ढोबळमानाने १०^१६ × तापमानाचा वर्ग (इव्हीत) ÷ घनता. ३×१०^१९ घनता आणि १०० इव्हीला ३.३ मीटर, प्लेटपाशी १०^२० आणि ५ इव्हीला अडीच मिलिमीटर. जेट या ब्रिटनमधल्या टोकामॅकएवढ्या यंत्रात चुंबकरेषेवरून प्लेट ३० मीटरच्या आसपास. मुक्तपथ वेगाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे २.६ पटीवाला इलेक्ट्रॉन शंभरेक मीटर सहज जातो. फ्लुइड कोडमध्ये ०.२ चा फ्लक्स-लिमिटर (उष्णताप्रवाहाला घातलेली कमाल मर्यादा) लावून हे झाकतात. त्याने वरचा प्रवाह आवरतो, प्लेटपाशी आलेलं गरम शेपूट काही दिसत नाही.

शीथच्या (प्लेटला लागून असलेला विद्युतभारित पातळ थर) सीमेवर एफ-एकवर थांबू नका. ठरावीक वेगापुढचे इलेक्ट्रॉन परतच येत नाहीत, वितरण तिथे कापलेलं असतं. प्लेटवरचा उष्णताप्रवाह बदलायचा थांबेपर्यंत लेजांद्र पदं वाढवत जा.