'सेडिशन'ला राजद्रोह म्हणावं की देशद्रोह?

पाटीपेन्सिल: अमेरिकेच्या १७९८ च्या चार 'एलियन अँड सेडिशन' कायद्यांवर मराठीत लिहितोय. राजाच नाही तिथे 'राजद्रोह' कुठला? 'देशद्रोह' चालेल का? आणि 'एलियन' लिहिलं की लोकांना उडत्या तबकड्या आठवतात.

ओसरी: देशद्रोह अजिबात नको, तो 'ट्रीझन'साठी राखून ठेवा. देशाविरुद्ध युद्ध पुकारणं किंवा शत्रूला सामील होणं, अशी त्याची व्याख्या अमेरिकेच्या राज्यघटनेतच आहे. सेडिशन कायद्यातला गुन्हा म्हणजे सरकार, काँग्रेस (तिथली संसद) किंवा राष्ट्राध्यक्षांविरुद्ध खोटं, बदनामीकारक लिहिणं-छापणं. दोन वर्षांपर्यंत कैद, २००० डॉलरपर्यंत दंड. व्हरमाँटचे खासदार मॅथ्यू लायन राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्सवर टीका केली म्हणून चार महिने आत गेले आणि तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून आले! न्यू जर्सीत ल्यूथर बाल्डविन दारूच्या तारेत ॲडम्सच्या पार्श्वभागाबद्दल बरळला, त्यालाही दंड झाला. हा काय देशद्रोह?

नाखवा: राजद्रोहच. टिळकांवर १८९७ आणि १९०८ मध्ये भारतीय दंड संहितेच्या कलम १२४ अ खाली खटले झाले, तेव्हापासून शब्द घरोघरी माहीत आहे. 'राज' म्हणजे राज्यसत्ता, मुकुट असायलाच हवा असं नाही. ॲडम्सच्या पक्षाने तर सत्तेचीच काळजी घेतली होती. टीकेपासून राष्ट्राध्यक्षांना संरक्षण, उपराष्ट्राध्यक्षांना नाही, कारण त्या पदावर विरोधी पक्षाचे जेफरसन! कायद्याची मुदतही ३ मार्च १८०१, म्हणजे ॲडम्सचा कार्यकाळ संपायच्या आदल्या दिवसापर्यंत.

पाटीपेन्सिल: पटलं. मग एलियन म्हणजे 'स्थलांतरित'?

ओसरी: नाही, 'परकीय'. स्थलांतरित माणूस नागरिकही झालेला असू शकतो. लायन स्वतः आयर्लंडमध्ये जन्मले होते. हे कायदे नागरिकत्व न मिळालेल्यांसाठी होते. नागरिकत्वासाठी पाच वर्षं राहण्याची अट होती, ती यातल्याच एका कायद्याने चौदा केली. आयरिश आणि फ्रेंच मंडळी जेफरसनच्या बाजूला झुकायची, हे त्यामागचं राजकारण. दुसऱ्या कायद्यातल्या 'एलियन फ्रेंड्स'ला 'मित्रदेशीय परकीय' म्हणा. यांच्यातला कोणी धोकादायक वाटला, तर खटल्याशिवाय हाकलायची मुभा राष्ट्राध्यक्षांना होती. काय ती मैत्री!

नाखवा: आणि तिसऱ्यातल्या 'एलियन एनिमीज'ला 'शत्रुदेशीय परकीय'. फक्त हा कायदा भूतकाळात लिहू नका. बाकीचे तीन गेले, हा अजून लागू आहे. दुसऱ्या महायुद्धात वापरला गेला, आणि २०२५ मध्ये ट्रम्प यांनी व्हेनेझुएलाच्या नागरिकांविरुद्धही काढला.